छडी नसलेला वर्ग

"आज हिच्या अंगाला साबणाचा वास येतोय. वा! हिच्यासाठी तीन टाळ्या."

गुरुजी म्हणले. हसून म्हणले. आन चौथीच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. एक, दोन, तीन. सगळ्यांच्या बराबर एका टायमाला. शिकवलेल्याच व्हत्या त्या.

मी दारात उभी. दप्तर छातीशी धरलेलं. झंपर वला, अंगाला चिकटलेला. पायाच्या अंगठ्यानं मी सारवणाचा पोपडा उकरून राह्यले व्हते. वर बघायची हिंमत न्हाई.

"कालपर्यंत हिच्या शेजारी बसायला तुम्ही कुरकुर करत होता की नाही? आज नाही करणार. याला म्हणतात सुधारणा. बस, बाळ."

बाळ म्हणले. तुम्ही म्हणसाल, यात अपमान कुठंय? मास्तरनं तर कौतुक केलं. हां, तेच तर सांगून राह्यले. मला कौतुकानं मारलं. छडीनं मारलं असतं तर मायला वळ दाखवता आला असता. टाळ्यांचा वळ कुठं दाखवू?

साबण कशापायी लावला, हे गुरुजींनी इचारलं न्हाई. चाळीस पोरांपैकी एकानंबी न्हाई. ते मी सांगणार हाये, पण आधी बरणीचं सांगावं लागल. आज मी सोता मास्तरीण हाये, वर्गात शुद्ध बोलते, अहवाल शुद्ध लिहिते. पण हे मला शुद्ध भाषेत सांगता येत न्हाई. दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही टायमाला खोटं वाटलं.

हसनाबादच्या आसपासचं आमचं गाव. नाव सांगत न्हाई, माझी माणसं अजून तिथंच राहतेत. ऐंशीनंतरची पाच-सहा वर्षं धरा. शाळेला तीन खोल्या. बाकीच्या दोन खोल्यांतून दिवसभर छडीचा आवाज यायचा, पोरांचं रडणं यायचं. आमच्या खोलीतून काहीच यायचं न्हाई. पारावर बसलेली माणसं म्हणायची, "मास्तर असावा तर असा. पोरं आपल्याआप गप बसतेत." मला त्या गप बसण्याची लई भीती वाटायची.

गुरुजी हसनाबादहून सायकलवर यायचे. पांढरा सदरा, कडक इस्त्री, केसाला तेल. आवाज कधी चढला न्हाई. कुठंतरी शिबिराला गेल्ते, तिथून ही रीत शिकून आल्ते. घरून लोणच्याची काचेची बरणी आणली, घासून पुसून टेबलावर ठेवली. शेजारी चिंचोक्यांची पिशवी. सगळा वर्ग वेळेवर आला, गप बसला, तर दोन चिंचोके बरणीत. एकानं जरी मोडता घातला तर एक चिंचोका बाहेर. बरणी काठोकाठ भरली की सगळ्या वर्गाला एस्टीनं अजिंठ्याची लेणी.

अजिंठा! अर्ध्या पोरांनी एस्टी नुसती बाहेरून बघितली व्हती. खिडकीला कोण बसणार यावरून दिवाळीच्या आधीच भांडणं लागल्ती.

चिंचोका काढायचाबी नियम व्हता. ज्याची चूक त्यानं सोता पुढं यायचं. बरणीत हात घालायचा. चिंचोका काढून सगळ्यांना दाखवायचा आन म्हणायचं, "माझ्यामुळं." बस. मंग गुरुजी दोन्ही हात वर करून दाखवायचे आन म्हणायचे, "बघा, मी काही बोललो का? मी हात लावला का? वर्गच ठरवील."

आन वर्ग ठरवायचा. शाळा सुटली की शाळेमागच्या चिंचेखाली. त्याच झाडाचे चिंचोके बरणीत व्हते. पोरं रांग लावायची, प्रार्थनेला लावतेत तशी. ज्याच्यामुळं चिंचोका गेला त्याला मधी उभं करायचं. परतेकानं एक चिमटा काढायचा. दंडाच्या आतल्या बाजूला, झंपराच्या बाहीत झाकून जाईल असा. शिव्या न्हाई, आरडाओरडा न्हाई. मॉनिटर मोजायचा, कुणाचा राह्यला तर नाव घेऊन बोलवायचा. मॉनिटर कोण? पाटलाचा दिलीप. हे कुणी ठरवलं, कोणत्या दिवशी ठरवलं, मला आजबी सांगता येत न्हाई. गुरुजींनी न्हाई सांगितलं. पण गुरुजींची सायकल रोज त्याच झाडाजवळून जायची. रोज. घंटी वाजवत जायची आन पोरं रांगेतूनच म्हणायची, "नमस्ते गुरुजी."

माझं सगळं उशिराचं. आम्ही मेंढरंवाले. बा दिवाळी झाली की कळप घेऊन खाली गोदावरीकडं जायचा. लंगड्या मेंढ्या आन नवी कोकरं चालू शकत न्हाईत, ती मायजवळ ठेवायचा. माय दिवस उगवायच्या आधी पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जायची. मंग कोकरं पाजायची मी, राखायची मी. शेजारची म्हातारी सरपण घेऊन आली की तिच्या हवाली करायची आन शाळेकडं पळायचं. म्हातारी येईस्तोवर शाळेची घंटा होऊन गेलेली. म्हणजे बघा, दिलीपच्याच बापाच्या कापसापायी मला उशीर, आन दिलीपच चिंचेखाली माझे चिमटे मोजणार.

बा जाताना सांगून गेल्ता, "शाळेत जमलं तर बस. काही कटकट ऐकू आली तर संक्रांतीला येतो आन घेऊन जातो. मेंढरामागं माणूस कमीच हाये."

मला जायचं नव्हतं. मला शाळा पायजे व्हती. मला वाचायला यायला लागलं व्हतं. दुकानाची पाटी, एस्टीचा बोर्ड, पुडीचा कागद, दिसंल ते मी वाचत सुटायची. त्यापायी मी दंड दाबून गप बसायची. कटकट बाच्या कानावर गेली की संपलं.

एकदा दिलीपच उशिरा आला. घरी पाहुणे आल्ते. तो दारात थांबला आन मी बरणीकडं बघायला लागले. वाटलं, आता हा पुढं येईल, हात घालील, म्हणंल. गुरुजी म्हणले, "कारण सांगून आलाय. कारण असेल तर चिंचोका जात नाही. बस रे."

माझ्या तोंडून निघून गेलं. "मीबी कारण सांगितलं व्हतं, गुर्जी."

"तुझं रोजचं आहे, बाळ. रोजच्याला कारण म्हणत नाहीत. सवय म्हणतात."

वर्ग हसला. गुरुजींनी बोट व्हटावर ठेवलं, वर्ग गप. हसल्याचा चिंचोका काही गेला न्हाई.

आता रखमीचं सांगते. हे सांगताना मला माझाच राग येतो, पण सांगते.

रखमी माझ्या शेजारी बसायची. आईबाप वीटभट्टीवर. तिला खोकला व्हता. कोरडा, खोलातून येणारा. सकाळी गुरुजी पाच मिनिटं शांत बसायला लावायचे. डोळे मिटून. ती पाच मिनिटं पार पडली तर चिंचोका. तेव्हाच तिला खोकला यायचा. ती परकराचं टोक तोंडात कोंबायची. तिचं तोंड लाल व्हायचं, डोळ्यातून पाणी यायचं, सगळं अंग हलायचं. मी डोळे मिटून तिचं हलणं ऐकायची. मनात म्हणायची, खोकू नको. खोकू नको गं बाई. आन खरं सांगू? दुसऱ्या मनात म्हणायची, खोक. आज तू खोक. म्हणजे आज मी न्हाई.

ती खोकली की बरणीपाशी जायची, हात घालायची. "माझ्यामुळं" म्हणतानाबी खोकायची.

चिंचेखाली रांगेत मीबी लागले. माझा नंबर आला. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मी हळूच काढीन, नुसता लावल्यासारखा. पण दिलीप बघत व्हता. मी जोरात काढला. तिच्या दंडाची कातडी माझ्या दोन बोटांत आली ते मला आजबी आठवतं. ती रडली न्हाई. घरी मी त्या दिवशी पोटभर जेवले. मला हलकं वाटलं व्हतं.

चार-पाच दिवस असं झालं. मंग रखमी शाळेत यायचीच बंद झाली. गुरुजींनी हजेरीला तिचं नाव घेतलं, कुणी 'हजर' म्हणलं न्हाई, गुरुजी पुढच्या नावावर गेले. तिची जागा रिकामी. त्या आठवड्यात बरणी भराभर चढली. वर्ग खूश. आन उरले कोण? मी.

रोज चिमटे. दंड आतून निळा, मंग हिरवा, मंग पिवळा, त्याच्यावर पुन्हा निळा. मायनं माझं डोकं धुताना बघितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून खाडा करून मला हाताला धरून शाळेत घेऊन गेली. पायऱ्यांच्या खाली उभी राह्यली, वर चढली न्हाई.

"गुर्जी, लेकीचा दंड बघा."

गुरुजींनी बघितला न्हाई. हात जोडले. "मावशी, माझ्या वर्गात छडीच नाही. गावात कुणालाही विचारा. पोरांचं पोरांत काही होत असेल. तुम्ही हिला तेवढं वेळेवर पाठवा. माझं बाकी काही म्हणणं नाही. तुमचं सहकार्य पाहिजे."

परत येताना माय वाटंनं म्हणली, "सहकार्य म्हंजे काय गं?"

मला सांगता आलं न्हाई. चौथीत हुशार म्हणवायची मी.

मंग मी ठरवलं. वेळेवर जायचं. काहीबी होऊ दे. सकाळी कोकरं पाजली, वाघरात कोंडली. वाघूर म्हणजे आमचं दोरीच्या जाळीचं कुंपण. चार खुट्या ठोकून बांधायचं. म्हातारीची वाट न बघता निघायचं. असे दहा-बारा दिवस गेले. चिंचोका गेला न्हाई, चिमटा बसला न्हाई. बरणी गळ्याला आली. मला वाटलं, सुटले.

त्या दिवशी वढ्यापर्यंत गेल्ते. मागून कुत्र्यांचा आवाज आला. मी दप्तर टाकून माघारी पळाले. वाघूर एका बाजूनं खाली लोळत व्हतं. दोन मोकाट कुत्री. दगड मारले, हाकलली. त्यांनी धरलेलं कोकरू जित्तं व्हतं अजून. मी त्याला मांडीवर घेतलं. माझ्याकडं बघत व्हतं. मंग बघायचं थांबलं. बाकीची कोकरं कोपऱ्यात एकावर एक चढून उभी. म्हातारी अजून आलेली नव्हती.

मी काय केलं सांगू? मी त्याच्यावर टोपलं पालथं घातलं. वर धोंडा ठेवला. वाघूर पुन्हा बांधलं. मायचा साबणाचा तुकडा घेतला, विहिरीवर गेले आन हात धुतले, तोंड धुतलं, झंपर अंगावरच धुतला. रगात जाईना. घासघास घासलं. आन वढ्यापाशी टाकलेलं दप्तर उचलून पळाले. का पळाले? घरी बसून रडायचं सोडून का पळाले? कारण घंटा व्हायची बाकी व्हती. मला चिंचोक्याची भीती कोकराच्या दुःखाहून मोठी झाल्ती. दहा वर्षांच्या पोरीच्या मनात एवढी भीती कुणी भरली? ज्यानं कधी आवाज चढवला न्हाई, त्यानं.

आन मी दारात पोचले, घंटा झाली, आन गुरुजी म्हणले, साबणाचा वास येतोय. तीन टाळ्या.

एक. दोन. तीन.

माझ्या नखात अजून रगात व्हतं. मी खाली बसले आन नखं बघत राह्यले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मला एकबी माणूस दिसला न्हाई. मला वाटलं, रखमीला हे बराबर कळलं असतं. पण तिला तर मीबी घालवलं व्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. हे लोक वाईट न्हाईत. ह्यांना भीती वाटतीय. मला वाटते तीच. गुरुजींनी चाळीस पोरांच्या भीतीची एक छडी केली हाये, आन ती कुणाच्याच हातात दिसत न्हाई.

संध्याकाळी मायनं टोपलं उचललं. बघितलं. पुन्हा ठेवलं. मला वाटलं मारील. मारलं न्हाई. चुलीपाशी बसली आन नुसती म्हणली, "शाळेत वेळेवर पोचलीस का?"

"पोचले."

"मंग बरं," म्हणली आन तोंडावर पदर घेऊन लई रडली.

त्या दिवसानंतर कोकरं एकटी टाकवंनात, म्हातारीसाठी थांबून तीनदा उशीर झाला आन तीनदा चिमटे बसले. दुसऱ्या आठवड्यात साहेब आले. तालुक्याचे साहेब, जीपमधून, छडी नसलेला वर्ग बघायला. गुरुजींनी आधीच्या दिवशी चिंचोके असे बसवले व्हते की बरणीत एकच मावावा. साहेबांना खुर्ची, हार, चहा. पाटील सोता हजर. पोरं अशी गप की भिंतीवरची पाल चुकचुकली तर ऐकू यावं.

"साहेब, ही मुलगी बघा," गुरुजी म्हणले आन मला पुढं बोलवलं. "मेंढरामागची पोर. अस्वच्छ, उशिरा येणारी, अभ्यासात लक्ष नाही. आज बघा. एकदाही मारलं नाही मी. फक्त कौतुक आणि वर्गाचं सहकार्य. शेवटचा चिंचोका तिच्याच हातून टाकू या."

चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला. गुळगुळीत, काळा. चाळीस जणांचे हात वर आलेले, टाळ्यांसाठी. दिलीप डोळ्यानं खुणावत व्हता, टाक जल्दी. एस्टी, अजिंठा, खिडकी. सगळं माझ्या मुठीत. टाकला असता तर काय झालं असतं? मी वर्गाची लाडकी झाले असते. खरं सांगते, टाकावा वाटत व्हता.

मी मूठ मिटली.

"मी न्हाई टाकणार."

"का, बाळ?" गुरुजींचा आवाज तसाच, मऊ.

"रखमीला बोलवा आधी."

साहेब म्हणले, "कोण रखमी?"

"आजारी असते ती," गुरुजी म्हणले.

"आजारी न्हाई. तिला आम्ही चिमटे काढून घालवलं. मीबी काढला." मी बाही वर केली. "हे बघा. माझेबी काढतेत. चिंचेखाली. रांगेनं."

साहेबांनी बघितलं. हे मला सांगायचंय, त्यांनी बघितलं. माझ्या दंडाकडं बघितलं, मंग पाटलाकडं बघितलं, मंग चहाचा कप उचलला. म्हणले, "पोरं आहेत. खेळतात." आन गुरुजींनी पुढं केलेल्या वहीत शेरा लिहिला. मला उलटं वाचता यायचं. 'शिस्त उत्तम.'

जीप गेली. गुरुजी वर्गाकडं वळले. अजूनबी हसत व्हते, पण व्हट पांढरे पडल्ते. "मी काही बोलणार नाही. अजिंठ्याला हिला न्यायचं की नाही, हात वर करून सांगा. वर्गच ठरवील."

न्यायचं नाही म्हणून सगळे हात वर झाले. सगळे. मी मोजायची गरज नव्हती.

शाळा सुटली. चिंचेखाली रांग तयार. मी घराकडं पळाले न्हाई. सरळ तिथं गेले आन मधी जाऊन उभी राह्यले. बाही सोता वर केली.

म्हणलं, "काढा. पण एक करा. मी बरणीपाशी माझ्यामुळं म्हणते ना? तुम्ही चिमटा काढताना म्हणा, माझ्या हातानं. डोळ्यात बघून म्हणा. मंग काढा."

दिलीप हसला. न बोलता चिमटा काढला, पिळून काढला. मी ओरडले न्हाई. म्हणलं, "म्हण की." तो म्हणला न्हाई, बाजूला झाला. दुसऱ्यानं काढला, त्याचीबी नजर खाली. तिसरी पोर आली. तिनं माझा दंड धरला, माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं. म्हणता आलं न्हाई. हात सोडला आन चालती झाली. मागची दोघंतिघं तिच्यामागं गेली. बाकीच्यांनी काढले. सगळे थांबले असं खोटं सांगणार न्हाई मी. बऱ्याच जणांनी काढले. पण रांग मोडली व्हती. मोजणारा मोजायचं इसरला व्हता. तेवढ्यात सायकल आली, घंटी वाजली, आन त्या दिवशी कुणीच नमस्ते म्हणलं न्हाई.

मी रखमीच्या घरी गेले. भट्टीवरचं झोपडं रिकामं. दुसऱ्या भट्टीवर गेले, शेजारचे म्हणले. कोणत्या, कुणाला माहीत न्हाई. ती मला पुन्हा दिसली न्हाई. बरणीत न टाकलेला तो चिंचोका मी तिला देणार व्हते.

बा संक्रांतीला आला. कटकट त्याच्या कानावर गेल्तीच. मायनं त्याला दारातच आडवलं. "पोरगी चौथी पास होईल. मंग बोल." आयुष्यात पहिल्यांदा त्याला आडवलं असंल तिनं. मी पास झाले. पुढं कशी शिकले ते येगळं आन लांबलचक हाये.

आता मी जालन्यात एमआयडीसीच्या कडेला एका शाळेत हाये. पोरांचे बाप सळईच्या कारखान्यात, आया बियाणं निवडायला. वर्गात साठ पोरं. गोंगाट असा की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत न्हाई. मागं एका प्रशिक्षणात आम्हाला फळ्यावर लिहून दाखवलं, मारायचं नाही, ओरडायचं नाही, सकारात्मक राहायचं. बराबरच हाये. मंग शेवटच्या दिवशी एक प्लास्टिकची बरणी आन रंगीत मण्यांची पिशवी हातात दिली. माझ्या अंगावर काटा आला.

आमच्या शाळेचे मोठे सर म्हणले, "मॅडम, ठेवा टेबलावर. फोटो वर पाठवायचाय."

आन खोटं कशाला बोलू? मी ठेवली. मी. म्हणलं, माझ्या हातून तसं होणार न्हाई, मी तर सोसलंय. 'माझ्यामुळं' म्हणायला लावलं न्हाई, कुणाला पुढं बोलवलं न्हाई. उशीर झाला की मीच गुपचूप एक मणी काढायची, बस. तीन दिवसांत वर्ग शांत. घसा दुखायचा थांबला. शेजारच्या वर्गाच्या मॅडम येऊन बघून गेल्या. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

मागल्या महिन्यात माझ्या तिसरीतली एक पोरगी उशिरा आली. बाप रातपाळीवरून येईस्तोवर धाकट्या भावाला सांभाळते ती, मला माहीत व्हतं. ती दारात थांबली. मी फळ्यावर लिहीत व्हते. मी काही म्हणायच्या आधी ती सरळ टेबलापाशी आली. बरणीत हात घातला, मणी काढला, वर्गाला दाखवला. मी हे शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं. साठ पोरं तिच्याकडं बघत व्हती, बिलकुल आवाज न करता. तो गप बसण्याचा आवाज मी वळखला.

मी तिच्यापाशी गेले. खाली बसले. "बाळा, बाही वर कर."

तिनं दुसरा हात दंडावर दाबून धरला. मान हलवली, न्हाई म्हणून. मी हळूच हात बाजूला केला. निळं व्हतं. खाली पिवळं. पंचवीस वर्षांपूर्वीचा माझाच दंड.

मी बरणी उचलली आन टेबलावर पालथी केली. मणी खोलीभर सांडले. पोरं दचकली. म्हणलं, "ऐका. हिला चिमटे तुम्ही काढले. पण ही बरणी मी ठेवली. माझ्या हातानं." आन साठ पोरांपुढं मी रडले. मास्तरणीनं रडू नये म्हणतेत. रडले.

आता पहिल्या तासाला आम्ही चित्रं काढतो, ज्याचं त्यानं. उशिरा येणारा येतो, कागद घेतो, बसतो. कुणाचं काही जात न्हाई. त्या पोरीच्या घरी जाऊन आले, भावाला घेऊन ये म्हणलं. तो माझ्या खुर्चीखाली पेन्सिली चघळत बसतो. वर्गात गडबड हाये, भरपूर हाये. शाबासकी द्यायची तर पोराच्या कानात देते, टाळ्या वाजवून न्हाई. माय आज असती तर तिला सांगितलं असतं, सहकार्य म्हणजे हे असंल बहुतेक. मला अजून पुरतं कळलेलं न्हाई.

मोठे सर काल वर्गात आले. दार लावून घेतलं. "मॅडम, बरणी कुठंय? सोमवारी साहेब येणारेत. प्रत्येक वर्गात पाहिजे, आदेश आहे. तुमच्या एकटीमुळं शाळेचा शेरा खराब होईल. बाकीचे शिक्षक आताच नाराज आहेत. मी काही बोलत नाही. सगळे मिळून काय ते ठरवतील."

काल शिक्षकांच्या खोलीत गेले तर सगळे एकदम गप झाले. कुणी कप उचलला, कुणी खिडकीबाहेर बघितलं. माझी बदली कुठं होणार, हेबी त्यांनी ठरवलं असंल.

ठरवू द्या. सोमवारी साहेब येऊ द्या. शांत वर्ग दिसला की मी आता आधी पोरांचे दंड बघते, साहेबांनाबी बघायला लावीन. ह्या टायमाला चहाचा कप उचलू देणार न्हाई. टेबलावर बरणी नसंल. साहेब इचारतील, कुणामुळं? मी उभी राहीन, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगीन.

माझ्यामुळं.